हिरव्या झेंडीवरचे डाग

"अण्णांना त्या गाडीजवळ जाऊ द्यायचं नाही," आई म्हणाली आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. आमच्या घरात महत्त्वाची बातमी चिमट्यासोबतच येते.

"कुठल्या गाडीजवळ? हे रेल्वे पार्क आहे, आई. इथे गाड्यांशिवाय दुसरं काय आहे?"

"चालती गाडी. ती लहान मुलांना फिरवणारी. तिचा ड्रायव्हर..." आईने मागे वळून पाहिलं. अण्णा तिकिटाच्या खिडकीशी उभे होते आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला रेल्वे पार्कात तिकीट का, असा प्रश्न आतल्या मुलीला विचारत होते. "ड्रायव्हर तो आहे."

"तो कोण?"

"तोच."

मी आधाराला शेजारच्या पेरूवालीची टोपली धरली. आमच्या घरात 'तोच' एकच होता. मालगाडी घेऊन निघून गेलेला आणि अण्णांना, म्हणजे गाडीच्या गार्डलाच, जंगलातल्या स्टेशनात सोडून गेलेला ड्रायव्हर. त्या प्रकारानंतर अण्णांना कधी पॅसेंजर गाडी मिळाली नाही. साखर, सिमेंट आणि कोळसा यांच्यामागे बसून त्यांची नोकरी सरली. तेव्हापासून घरात दूध नासलं की 'त्याच्यामुळे', नळ गेला की 'त्याच्यामुळे'. मी बारावीला गणितात लटकले तेव्हाही अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, "त्या दिवशी तो थांबला असता तर." त्याचं नाव घरात उच्चारायची बंदी होती, त्यामुळे मला ते ठाऊकच नव्हतं.

"पण तो इथे कसा?"

"तो तुषारचा बाप आहे."

तुषार म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही आलो होतो तो मुलगा. हेमाताईच्या ऑफिसातला. दोघांचं केव्हाच ठरलेलं होतं, पण अण्णांना पचावं म्हणून ते रीतसर 'स्थळ' करून घरात आणलं होतं. ताईने पत्रिकासुद्धा जुळवून घेतली होती, दुसऱ्या ज्योतिष्याकडून. पहिल्याची जुळली नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"बायोडाटा आला तेव्हाच. सुपडू दगडू पाटील. हे नाव मी मेल्यावरही विसरायची नाही. अण्णांना कागद दाखवताना मी वडिलांच्या नावावर अंगठा ठेवला होता."

खान्देशात पाटील या आडनावावरून माणूस शोधणं म्हणजे तांदळाच्या पोत्यात तांदूळ शोधणं. अण्णांनी फक्त "कुठले पाटील?" एवढंच विचारलं होतं. "चोपड्याकडचे," म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

पुढचं आईने एका दमात सांगितलं. पाटील निवृत्त झाल्यापासून रविवारी इथली छोटी गाडी चालवतात. भेट इथेच व्हावी हा हट्ट त्यांचाच. ताईला आणि तुषारला सगळं माहीत आहे. अण्णांना नाही, पाटलांना नाही आणि तुषारच्या आईलाही नाही; तुषारनेही घरी ताईचा कागद दाखवताना अण्णांच्या नावावर असाच अंगठा ठेवला होता. अण्णा आत फिरतील, जुनी इंजिनं बघून खूष होतील, चहाला बसतील आणि हो म्हणतील. त्यानंतर पाटलांना समोर आणायचं. एकदा शब्द दिला की अण्णा मोडत नाहीत. आमचं सगळं भांडवल एवढंच.

"आणि आधीच कळलं तर?"

अण्णांच्या तोंडून एकदा 'नाही' निघालं की ते परत येत नसे. ताई फाटकाशी उभी होती. तिने नवी साडी नेसली होती आणि तिच्या पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. एवढी वर्षं मला ढकलून, ओरबाडून, माझे ड्रेस पळवून जगलेली माझी बहीण त्या दिवशी कागदासारखी दिसत होती.

"मी काय करू?" मी विचारलं.

"तुझं ते कर."

"माझं कोणतं?"

"मूर्खपणा. एरवी करतेसच की फुकट."

अण्णा तिकिटं घेऊन आले. त्यांच्या खांद्याला ड्यूटीवरची जुनी खाकी पिशवी होती. आत त्यांच्या दोन झेंड्या, लाल आणि हिरवी. या त्यांना संग्रहालयाला भेट द्यायच्या होत्या. हिरव्या झेंडीवर काळपट डाग होते. "ऑइलचे," असं अण्णा सांगत. आईने एकदा ती धुवायला काढली, तर अण्णा तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते.

"मुलाचे वडील दिसत नाहीत," अण्णा म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडातून निघालं, "त्यांना जुलाब झालेत."

ताईने डोळे मिटले.

अण्णांचा चेहरा मात्र एकदम मवाळ झाला. ज्या माणसाची निम्मी नोकरी संडास नसलेल्या डब्यात गेली, तो जुलाबाची थट्टा करत नाही. "अरेरे. आजच्या दिवशी?" ते म्हणाले. त्यांनी आईकडे हात पुढे केला. आईच्या पर्समध्ये ओव्याची पुडी कायम असते. अण्णांनी ती घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून थोपटली. "भेटले की देतो."

आत तुषार आणि त्याची आई वाट पाहत उभे होते. पाटीलकाकू म्हणजे दणदणीत बाई. लोणची, पापड, सांडगे करून विकायच्या आणि जगातला प्रत्येक माणूस उपाशी आहे असं समजून बोलायच्या. तुषारने वाकून नमस्कार केला. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिला. मी ताईला कोपर मारलं. बरं चाललं होतं.

"वहिनी, त्यांना ताक देत जा," अण्णा हळूच काकूंना म्हणाले.

"देते की, रोज देते," काकू म्हणाल्या.

"रोज? म्हणजे जुनंच आहे."

काकूंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या. तेवढ्यात झाडांच्या पलीकडून शिट्टी झाली. पार्काच्या भोंग्यावर कुणाचा तरी हरवलेला मुलगा पुकारत होते, त्यामुळे ती नीट ऐकू आली नाही. पण अण्णा थबकले. कुत्र्याने कान टवकारावेत तसे.

"अण्णा, ते बघा, दिवे!" मी ओरडले आणि त्यांना दंडाला धरून संग्रहालयात ओढलं.

आत तासभर चांगला गेला. अण्णांनी रॉकेलचे कंदील ओळखले, तिकिटं टोचायचं यंत्र ओळखलं, भिंतीवरच्या एका फोटोतला सिग्नल चुकीच्या बाजूला आहे असं फोटोलाच सांगितलं. तुषार मागून "हो काका, बरोबर काका" करत होता. बाहेर अधूनमधून शिट्टी व्हायची आणि त्या त्या वेळी मला खोकल्याची उबळ यायची. शेवटी काकूंनी मला पर्समधून लवंग काढून दिली.

मग मागच्या अंगणात अण्णांना तो डबा दिसला. मालगाडीचा, गार्डचा. लाकडी बाक, लोखंडी चाकाचा हातब्रेक. अण्णा चढले आणि बसले. त्यांनी ब्रेकच्या चाकावर हात ठेवला. आम्ही सगळे दाटीवाटीने आत शिरलो.

"इथेच बसलो होतो," ते म्हणाले.

"अण्णा, चहा..."

"थांब गं. वहिनींना सांगू दे. पिंपळदरी नावाचं स्टेशन होतं, वहिनी. स्टेशन कसलं, एक खोली आणि एक घंटा. मालगाडी बाजूला उभी करून ठेवली होती, मेल पुढे जाईपर्यंत. मला चाक तापल्याचा वास आला. मी खाली उतरून बघतोय, तोवर सिग्नल पडला, म्हणजे वाट मोकळी झाली. माझी झेंडी नाही, माझी शिट्टी नाही, आणि त्या ड्रायव्हरने गाडी हाकली! मी मागून धावतोय, ओरडतोय. गाडी गेली. गार्डशिवाय!"

"मेल्याचे डोळे फुटले होते का!" काकू म्हणाल्या.

तुषारने भिंतीला टेकून छताकडे पाहिलं. ताईचे ओठ पांढरे पडले होते.

"अगदी हेच मी साहेबांना म्हणालो! माझ्या जबाबातलं वाक्य आहे हे. पुढच्या स्टेशनमास्तरने रिकामा डबा पाहिला तेव्हा गाडी थांबली. हिच्या वेळी ही गरोदर," अण्णांनी आधी ताईकडे आणि मग आईकडे बोट केलं, "आणि मी तिकडे घंटेखाली बसलेलो."

"तुम्ही त्याला नंतर कधी पाहिलं?" काकूंनी विचारलं.

"तोंड कधीच नाही. तो पुढे, मी मागे. आम्ही दोघं वाटेतच त्या गाडीवर चढलेलो. जबाबसुद्धा वेगवेगळ्या दिवशी झाले. पण शिट्टी! त्याची शिट्टी मी सरणावरही ओळखेन. लांब ओढायचा आणि शेवटी उचकी लागल्यासारखी तोडायचा."

काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "गंमत बघा भाऊ, आमच्या ह्यांनाही एक असाच गार्ड..."

मी बेशुद्ध पडले.

दुसरं काही सुचलंच नाही. बाकावरून सरळ खाली, तुषारच्या बुटांवर. एकच गलका झाला. काकूंनी माझं नाक दाबलं, आईने माझ्या कानात "शाब्बास" म्हटलं आणि अण्णांचा आवाज आला, "पाणी! मी पाणी आणतो!"

मी पडून राहिले. डोळे मिटून पडायचं काम मला चांगलं जमतं. काकू मला कांदा हुंगवायचा म्हणत होत्या आणि तुषार त्यांना पार्कात कांदा कुठून आणायचा ते विचारत होता. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, पाणी अजून आलेलं नाही.

"नळ कुठे आहे?" मी जमिनीवरूनच विचारलं.

तुषारचा चेहरा उतरला. "गाडीच्या फलाटावर," तो म्हणाला.

आम्ही पळालो. सगळ्यांत पुढे मी होते. आत्ताच बेशुद्ध पडलेली मुलगी अशी पळताना पाहून काकू मागून देवाचं नाव घेत होत्या.

छोट्या फलाटावर छोटी गाडी उभी होती. डबे पोरांनी भरलेले. पुढे वाफेच्या इंजिनाचं सोंग घेतलेलं इंजिन. आतून ते बॅटरीवर चालायचं. शिट्टी तेवढी खरी होती, पाटलांनी जुन्या सामानातून मिळवून बसवलेली. इंजिनातून कुणाचा तरी निळा शर्ट दिसत होता, तोंड पलीकडे. आणि शेवटच्या डब्याच्या शेवटच्या बाकावर माझे वडील बसले होते. मांडीवर पाण्याची बाटली, हातात दोन्ही झेंड्या.

"अण्णा, उतरा!"

"बरी झालीस? हे बघ, गाडीला गार्डच नाही! एवढी पोरं बसवलीत आणि मागे बघायला माणूस नाही. मी त्या तिकिटवाल्या पोराला म्हटलं, एक फेरी मी मारतो. ए बाळा, हात आत घे."

"अण्णा, उतरा ना. ताईला बरं वाटत नाहीये."

"आत्ता तर तुला बरं नव्हतं."

"आता तिला."

अण्णांनी ताईकडे पाहिलं. ताईला खरंच बरं वाटत नव्हतं. ते उठायला लागले. अर्धे उठलेही. तेवढ्यात पुढून शिट्टी झाली. लांब ओढलेली, आणि शेवटी उचकी लागल्यासारखी तुटलेली.

अण्णा तसेच वाकलेल्या अवस्थेत राहिले. मग सावकाश सरळ झाले. त्यांचा उजवा हात वर गेला. लाल.

त्या गाडीला गार्डची गरज नव्हती आणि झेंडीचीही. पण इंजिनातल्या माणसाने सवयीने मागे वळून पाहिलं, त्याला लाल दिसली आणि हललेली गाडी धक्क्यासरशी थांबली. पोरं किंचाळली. निळा शर्ट खाली उतरला आणि फलाटावरून आमच्याकडे चालत येऊ लागला. उंच, किडकिडीत माणूस, जाड भिंगांचा चष्मा.

"काय झालं भाऊ? कुणी पडलं का?"

अण्णा खाली उतरले. "एस. डी. पाटील?"

"हो. आपण?"

"डी. आर. खैरनार. पिंपळदरी."

पाटलांचा चष्म्याकडे निघालेला हात मध्येच थांबला.

"अहो," काकू धापा टाकत मागून म्हणाल्या, "हे हेमाचे वडील. भाऊ, हे आमचे हे."

अण्णांनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग माझ्याकडे. आपल्या घरातल्या सगळ्या बायकांनी मिळून आपल्याला इथे आणलंय हे त्यांना कळताना मी पाहिलं. त्यांनी पिशवी खांद्यावर चढवली.

"हेमा, चल. घरी जायचं."

ताई हलली नाही. रडलीही नाही. नुसती उभी राहिली. तिने पदर सोडून दिला होता.

"थांबा," पाटील म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "तुम्ही माझ्याशी न बोलता एकदा गेलात. जबाब दिलात आणि गेलात. आज ऐकून जा. मला हिरवी दिसली होती."

"मी दाखवली नव्हती."

"मला दिसली. मी मागे वळून बघितलं. गार्ड खाली होता, हातात हिरवं होतं आणि ते हलत होतं. देवाशपथ. हे मी साहेबांना सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, बायकोला सांगितलं. मला यार्डात टाकलं. दरवेळी बोलावून डोळे तपासायचे, ते रंगीत ठिपक्यांचे कागद पुढे धरायचे. मी सगळे आकडे बरोबर सांगायचो, तरी लोक आंधळा पाटील म्हणायचेच. हा शाळेत जायचा तर याला पोरं आंधळ्याचा म्हणायची." त्यांनी तुषारकडे बघितलंसुद्धा नाही. "पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, की नसेल दिसली. मी सिग्नल पडल्यावर दोन-दोनदा असिस्टंटला विचारायचो, बाबा, हिरवाच आहे ना?"

"मी झेंडी दाखवली नव्हती," अण्णा पुन्हा म्हणाले. पण आता ते पाटलांकडे बघत नव्हते. त्यांनी हिरवी झेंडी हातातल्या हातात चुरगळली होती आणि पाठीमागे धरली होती.

ती पाठीमागे धरली, म्हणजे काकूंच्या नाकासमोरच.

"अगंबाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी झेंडीचं टोक धरून ती अण्णांच्या मुठीतून ओढून काढली, घरातल्या माणसाचा रुमाल ओढावा तशी. "हे डाग कसले?"

"ऑइलचे," मी सवयीने म्हणाले.

"ऑइल कसलं? मी दर उन्हाळ्यात मणभर लोणचं घालते. हा चीक आहे. कैरीचा चीक. जन्मात जात नाही." त्यांनी आपला पदर पसरून दाखवला. तिथे तसेच डाग होते. "कैऱ्या बांधल्या होत्या यात कुणीतरी."

अण्णांनी रिकामी मूठ खिशात घातली.

आई पुढे आली. ती झेंडीकडे बघत होती. मग ती अगदी हळू बोलली. "तुम्ही त्या वेळी मला कैऱ्या आणल्या होत्या. हेमाच्या वेळी. मला डोहाळे लागले होते. दोन दिवस उशिरा आलात, पण कैऱ्या घेऊन आलात."

आता सगळे अण्णांकडे बघत होते. गाडीतली पोरंसुद्धा. मला माझ्या वडिलांचं तोंड पाठ होतं. 'ऑइलचे' म्हणायला त्यांना एक क्षण पुरला असता, आणि इतकी वर्षं जे म्हटलं ते माणूस पुन्हा सहज म्हणू शकतो. मी सगळे मूर्खपणे आठवून पाहिले. एकही उपयोगाचा नव्हता.

अण्णांनी ताईकडे पाहिलं. चांगला बराच वेळ.

"चाक तापलं नव्हतं," ते म्हणाले. "सिग्नलच्या खांबाशी आंब्याचं झाड होतं. पिशवी डब्यातच राहिलेली. झेंडीचं गाठोडं केलं. सिग्नल पडला तशी मी डब्याकडे धावलो. गाठोडं हातात होतं."

"आणि हात हलत होता," पाटील म्हणाले.

"धावताना हलणारच. कैऱ्यांसाठी उतरलो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती हो. पोर व्हायची होती." अण्णा आता पाटलांकडे वळले. "पाटीलसाहेब, तुम्हाला हिरवीच दिसली होती. तुमचे डोळे बरोबर होते. तेव्हापासून मला माहीत आहे."

पाटलांनी काकूंच्या हातातून झेंडी घेतली. चष्मा काढला, खिशात ठेवला. झेंडी दोन्ही हातांनी उन्हात ताणून धरली आणि तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते अण्णांच्या तोंडावर ती फेकतील. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते हलले नाहीत, फक्त त्यांनी डोळे मिटून घेतले.

"हिरवी आहे," पाटील म्हणाले. कुणाला म्हणाले ते माहीत नाही. तुषारकडे वळले. "बघ रे. हिरवी आहे."

"हो, बाबा," तुषार म्हणाला.

"दाखवा," पाटलांनी झेंडी अण्णांना परत दिली. "आता नीट दाखवा. पोरं खोळंबलीत."

ते चालत पुढे गेले. चढले. शिट्टी झाली, लांब, शेवटी उचकीची. अण्णांनी हात वर केला. हिरवी. त्यांनी ती इतक्या मन लावून हलवली, की गाडी निघाली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही की आपण फलाटावरच आहोत. शेवटचा डबा त्यांच्यासमोरून रिकाम्या बाकासकट निघून गेला.

गाडी पुन्हा गार्डला सोडून गेली होती. पाटील इंजिनातून अर्धे बाहेर झुकून मागे बघत होते, झाडांच्या आड जाईपर्यंत. अण्णा झेंडी खाली घेईनात. मी "अण्णा, बसा" म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. झाडांमागून, मग तळ्याच्या पलीकडून, मग छोट्या बोगद्यातून शिट्ट्या येत होत्या, आणि प्रत्येक शिट्टीला माझे वडील झेंडी थोडी आणखी वर धरत होते.

गाडी फिरून आली, थांबली. पोरं उतरली. पाटील आले आणि अण्णांच्या पुढ्यात उभे राहिले. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की आज इतक्या वर्षांनीही ती भांडली की मी तो हात दाखवते आणि नुकसानभरपाई मागते.

अण्णांनी खिसा चाचपला. पुडी काढली, उघडली आणि पुढे केली.

"ओवा घ्या, व्याही," ते म्हणाले. "पोटाला बरा."

पाटलांच्या पोटाला काही झालेलं नव्हतं. त्यांनी तळहात पुढे केला, ओवा घेतला, तोंडात टाकला आणि एक अक्षर न विचारता चावत राहिले.